कुळागरातल्या छोट्या गाडीचा भराव व्हाळाने नेला, चतुर्थीपूर्वी रूळ उभा करता येईल का?

व्हाळाकाठी

नमस्कार. आमचे कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, गोव्यात सत्तरीत, वाळपईपासून फार लांब नाही. त्यात ४२० मीटरची छोटी रेल्वे आहे, माणसे बसवून फिरवणारी. दोन रुळांतले अंतर ३८१ मिमी, म्हणजे १५ इंच. माझ्या काकांनी घातलेली. ते खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. २०१२ साली गोव्यातल्या खाणी बंद झाल्या आणि हात रिकामे राहिले, तेव्हा त्यांनी बेळगावच्या भंगारातून मीटरला ७ किलोचे हलके रूळ आणले आणि सहा वर्षे तुकड्याला तुकडा जोडत गेले. इंजिन पॉवर टिलरचे, १२ अश्वशक्तीचे डिझेल. डबे तीन, एका डब्यात आठ माणसे. काका आता नाहीत. शाळांच्या सहली येतात त्या वेगळ्याच, पण चतुर्थीला मुंबई-पुण्याहून भावंडे पोरांना घेऊन आली की पोरे आधी शेडकडे पळतात आणि मग गणपतीवर टांगलेली फळाभाज्यांची माटोळी बघायला येतात.

गेल्या सोमवारी पावसाने रात्रभर धरले होते. पहाटे व्हाळाचा, म्हणजे आमच्या ओढ्याचा, आवाज बदलला, तो घरात ऐकू आला. उजाडताच गेलो. रूळ व्हाळ ओलांडतो तिथला ११ मीटर लांबीचा भराव नाहीसा झालाय. रूळ तुटलेले नाहीत. दोन रूळ आणि त्यांना धरलेले स्लीपर, शिडी आडवी टांगावी तसे पाण्यावर लोंबताहेत. मधल्या सांध्याच्या फिशप्लेटला, म्हणजे दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीला, चारांतले दोनच बोल्ट राहिलेत, तेही वाकलेले. पाण्याचा धक्का बसला की तिथून कट्कट् आवाज येतो. त्या आवाजाने माझी दोन रात्री झोप गेली.

पुढे पोफळींच्या ओळीत ६० मीटर रूळ गाळाखाली आहे. खडीच्या फटीत बोट जात नाही, इतका गाळ भरलाय. त्याच्याही पुढे २५ मीटर त्रिज्येचे वळण आहे, ते अख्खे बाहेरच्या बाजूला वीतभराहून जास्त सरकलेय. २०२१ च्या जुलैत म्हादईला मोठा पूर आला होता, तेव्हाही आमच्या व्हाळाने एवढे केले नव्हते.

चतुर्थीला पाच आठवडे आहेत. मी, पुतण्या आणि दोन गडी एवढेच हात. जेसीबी आत आणला तर पोफळी जातील, म्हणून तो नको. माझा विचार असा: रूळ जॅकवर उचलायचा, खाली मुरूम ओतायचा, वर खडी, झाले. हे चालेल का? आणि गाळ भरलेली खडी फेकून द्यायची की वापरायची?

जुनी_गँग

बाबा, जॅकचा विचार आधी बाजूला ठेव आणि आजच्या आज एक काम कर. लोंबणाऱ्या रुळाचे दोन्ही टोकांचे सांधे सोड आणि ती शिडी काठावर ओढून घे. रूळ स्वतःच्या आणि स्लीपरच्या वजनाने लोंबत राहिला की बोल्टच्या भोकापासून बारीक भेग सुरू होते. ती डोळ्याला दिसत नाही. पुढे चार महिन्यांनी गाडी वरून जाताना तिथेच तुटते. पाण्यात उतरायचे तर कमरेला दोर बांधून, आणि दोर झाडाला. गड्यांनाही तसेच. पाऊस पडत असताना उतरूच नका.

मी रेल्वेच्या पर्मनंट वेमध्ये, म्हणजे रुळांच्या देखभालीत, ३१ वर्षे काढली, त्यातली शेवटची अकरा कुळे ते कॅसलरॉक घाटात. ३७ मीटरला १ मीटर चढ, एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला दरी. पावसाळ्यात रात्री कंदील आणि गाडीला इशारा द्यायला रुळावर ठेवायचे फटाके घेऊन गस्त घालायची. २०२१ च्या २३ जुलैला, चिपळूणला वाशिष्ठी चढली म्हणून वळवलेली मंगळूर-मुंबई गाडी दूधसागरच्या खाली दरड येऊन घसरली, तो घाट हाच. तिथे एक गोष्ट अंगात मुरली. रूळ पाण्याने मोडला की आधी पाण्याची वाट बघायची, रुळाची वाट नंतर.

म्हणून मला तीन गोष्टी सांग. भरावाखाली पाणी जायला मोरी कसली होती आणि केवढी? तिच्या तोंडाशी आता काय अडकलेय? आणि खड्डा वरच्या अंगाला खोल आहे की खालच्या?

व्हाळाकाठी

जुनी_गँग काका, आजच शिडी काढली. दोर लावूनच उतरलो. तुम्ही भेगेचे म्हणालात म्हणून बोल्टची भोके रॉकेलने धुऊन खडूची पूड चोळली. एका रुळाच्या दोन भोकांतून तिरकी काळी रेघ उमटली, केसाएवढी. तो रूळ बाजूला ठेवलाय.

मोरी म्हणजे ४५० मिमीचा एकच सिमेंटचा पाइप. तोंडाशी पोफळीच्या गळलेल्या पानांच्या विऱ्या एकावर एक अशा बसल्यात की पत्रावळींचा गठ्ठा वाटावा, आणि त्यात माडाचा एक ओंडका आडवा. पाइप आतून कोरडा होता म्हटले तरी चालेल. खड्डा खालच्या अंगाला खोल आहे, माझ्या छातीएवढा. वरच्या अंगाला जेमतेम गुडघाभर.

फोंडेकरीण

दादा, मी सिव्हिलची, पाटबंधाऱ्याच्या कामांत बरीच वर्षे आहे. तुमच्या खड्ड्याचा आकारच सांगतो काय झाले ते. पाइप तुंबला, तुमचा भराव बंधारा झाला, वरच्या अंगाला तळे साचले आणि पाणी रुळावरून खाली उडी मारू लागले. उडी जिथे पडते तिथली माती आधी जाते, मग खालच्या अंगाने भराव कुरतडत कुरतडत पाणी रुळाखाली येते. जॅक लावून मुरूम ओतलात तर पुढच्या मोठ्या पावसात हेच पुन्हा होईल, कारण बंधारा तसाच राहील.

पाइप स्वच्छ असता तरी पुरला असता का, ते बघू. व्हाळाच्या वरचा डोंगर किती, ते नकाशावर मोजून सांगा.

व्हाळाकाठी

ताई, मोबाइलच्या नकाशावर कडेने बोट फिरवून मोजले. अंदाजे २० हेक्टर येते. निम्म्यात काजू, वर उघडा कातळ.

फोंडेकरीण

मग हिशेब सोपा आहे. तासाला १०० मिमीचा जोर धरा. आपल्याकडे असा जोर अर्धापाऊण तास टिकतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. काजूची जमीन काही पाणी पिते, कातळ काहीच पीत नाही. निम्मे पाणी वाहून येते असे धरू. ०.५ गुणिले १०० गुणिले २०, भागिले ३६०. उत्तर आले सेकंदाला सुमारे २.८ घनमीटर. तुमच्या पाइपाचे तोंड ०.१६ चौरस मीटर. पाणी सेकंदाला दोन मीटर वेगाने गेले तरी त्यातून ०.३ घनमीटरच्या वर जात नाही. जवळजवळ नवव्या हिश्श्याचा पाइप. इतकी वर्षे टिकला कारण एवढा जोर रोज येत नाही.

९०० मिमीचे दोन पाइप शेजारी शेजारी घातले तर २.५ घनमीटरपर्यंत जाईल. पण मी पाइप घालणार नाही. कुळागरात विऱ्या आणि झावळ्या पडतच राहणार, आणि दोन पाइपांच्या मधल्या भिंतीवर त्या हमखास अडकतात. त्यापेक्षा उघडा पूल करा. तीन मीटर रुंद वाट, पाण्याची उंची ६० सेंमी, त्यावर ओंडका तरंगत जायला आणखी ३० सेंमी मोकळी. वर १५० मिमीचे दोन आय बीम भागतात, आपल्या हवेत गंज धरून २०० मिमीचे घ्या. माणसे बसणार आहेत, म्हणून बीम आणि टेकू एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी तपासून घ्या. एवढा खर्च टाळू नका.

टेकूंचा पाया चिऱ्याचा नको. जांभा वाहत्या पाण्यात कडेने झिजत जातो. काँक्रीट किंवा काळा दगड, आणि पाया कातळाला टेकेपर्यंत खाली.

आणखी एक. पुलाच्या एका बाजूला रुळाचा आठदहा मीटरचा तुकडा मुद्दाम १५० मिमी खाली ठेवा. चढ-उतार ६० ला १ पेक्षा तीव्र नको. त्या जागी खालच्या अंगाला काळ्या दगडाची फरसबंदी करा. पूल कधी तुंबलाच तर पाणी तुम्ही ठरवलेल्या जागेवरून जाईल.

मीटरपट्टी_पुणे

मी पुण्याचा. पेशवे पार्कातल्या फुलराणीत बसून मोठा झालो, ती १९५६ पासूनची. आता मुळशीकडे माझी स्वतःची १८४ मिमीची लाइन आहे. माझा सल्ला थोडा वेगळा आहे. ११ मीटरच्या त्या पट्ट्यात भराव आणि खडी यांच्या नादी न लागता सरळ काँक्रीटचा स्लॅब टाका आणि त्यावर रूळ बोल्टने बसवा. पॅकिंगची, म्हणजे स्लीपरखाली खडी ठोसत राहायची, कटकट कायमची जाते. मी दोन ठिकाणी केलेय, सात वर्षांत हात लावावा लागला नाही.

जुनी_गँग

पुण्याच्या दादांची लाइन सपाटीवर असेल, तिथे स्लॅब उत्तम. व्हाळाकाठी मी नाही म्हणेन. खडी असली की खालची माती गेली तर रूळ बसतो, गाडी हेलकावते, माणसाला कळते. स्लॅबखालची माती गेली तर वरून काहीच कळत नाही. स्लॅब पोकळीवर तसाच उभा असतो आणि एक दिवस भरल्या गाडीखाली मोडतो. माथेरानच्या गाडीचे घ्या. ६१० मिमीची लाइन, १९०७ ची. २००५ च्या जुलैत जागोजाग वाहून गेली, २००७ मध्ये पुन्हा सुरू झाली. २०१९ च्या पावसात नेरळकडचा भाग परत गेला, तो २०२२ च्या ऑक्टोबरात चालू झाला. त्या वेळी उतारावर जाळीत दगड भरलेल्या गॅबियन भिंती घातल्या. डोंगरात रूळ टिकतो तो कडेला आणि खाली काय केलेय त्यावर.

आता सत्तरीच्या भाऊंसाठी. पूल पावसात होणार नाही. पाया खणाल आणि रात्रीत तो गाळाने भरेल. पूल नोव्हेंबरात. चतुर्थीसाठी व्हाळाच्या अलीकडचा जेवढा रूळ शाबूत असेल तेवढ्यावरच गाडी मागे-पुढे चालवा, आणि व्हाळाच्या बाजूला रूळ संपतो तिथे मातीचा ढीग आणि त्यात रोवलेले दोन स्लीपर, असा पक्का अटकाव करा. पोरे आली म्हणून घाईने भराव घालू नका. ओला मुरूम धुमसला तरी दबत नाही, नुसता इकडून तिकडे हलतो.

मुरूम दाबण्याजोगा आहे की नाही हे मुठीत कळते. मूठभर घेऊन घट्ट आवळायचा. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला, आणि तळव्याला पाणी लागले नाही, तर बरोबर. तळवा ओला झाला तर थांबायचे. गोळा फुटला तर पाणी शिंपडायचे. १५० मिमीचा एक थर, त्यावर धुमस, टाच मारली तर उमटू नये इतका दाबला की मग दुसरा थर. सगळा एकदम ओतून वरून दाबला तर वरचा वीतभरच दबतो. आणि थर घालण्याआधी जागेवरचा सगळा मऊ गाळ काढायचा, पहार टाकली की टण्ण वाजेल तिथपर्यंत.

गाळाने भरलेली खडी फेकू नका. पैसे आहेत ते. आधी गाळ वाळू द्या, मग खडी उपसून १० मिमीच्या चाळणीवर मारा आणि पाइपाने धुवा. तीत गाळ राहिला तर पाणी खाली उतरत नाही, गाडी वरून गेली की स्लीपरच्या कडेने चिखल पिचकारीसारखा वर येतो. तो रूळ कितीही वेळा पॅक केला तरी बसतच राहतो. मोठ्या लाइनला ६५ मिमीपर्यंतची खडी असते, तुमच्या गाडीला २० मिमीची पुरे, पण कोन असलेली हवी. नदीतले गोटे अजिबात नकोत, ते एकमेकांना धरत नाहीत. फॉर्मेशनवर, म्हणजे खडीखालच्या दाबलेल्या मातीवर, आधी जिओटेक्स्टाइलचे कापड, दोन्हीकडे ३० ला १ उतार देऊन, मग खडी.

वळणाचे सांगतो. पहारीने ढकलून डोळ्याने सरळ करू नका, डोळा वळणावर फसतो. चार मीटरचा दोरा घ्या, आतल्या कडेने बाहेरच्या रुळाला दोन्ही टोके लावा, मधोमध दोरा आणि रूळ यांतले अंतर मोजा. त्याला आम्ही वर्साइन म्हणतो. दोऱ्याच्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येच्या आठपट. तुमच्या २५ मीटरला ते ८० मिमी यायला हवे. दर दोन मीटरवर खडूने खूण करून मोजत जा आणि आकडे वहीत लिहा. कुठे ९५, कुठे ६० येईल. तो फरक हळूहळू वाटून टाकायचा. एका जागी ९५ आणि शेजारी ६० राहिले तर चाक तिथे झटका खाणारच.

मीटरपट्टी_पुणे

काकांचा स्लॅबबद्दलचा मुद्दा पटला. पोकळीचा विचार मी केला नव्हता.

माझ्याकडून एकच भर. गेज, म्हणजे दोन रुळांतले अंतर, सगळे मोजतात, पीळ कोणी मोजत नाही. छोट्या गाड्या घसरतात त्या बहुतेक वेळा पिळाने. एका जागी डावा रूळ ४ मिमी खाली, पुढच्या मीटरला उजवा ४ मिमी खाली, म्हणजे मीटरभरात ८ मिमीचा पीळ. डबा हलका, त्याला स्प्रिंग नसते किंवा कडक असते, चौथे चाक हवेत राहते आणि कड रुळावर चढते. दर मीटरला लेव्हल-बाटली आडवी ठेवून कोणता रूळ किती खाली ते लिहा, आणि लगतच्या दोन आकड्यांतला फरक बघा. मी मीटरला ३ मिमीच्या वर ठेवत नाही.

माणसे बसवण्याआधी वाळूच्या गोण्यांनी गाडी चालवा. तुमचा डबा आठ जणांचा, ६० किलोने ४८० किलो. ४० किलोच्या बारा गोण्या. मी पंधरा टाकतो. चालत्या माणसाच्या वेगाने वीस फेऱ्या, आणि एकाने रुळाशेजारून चालत स्लीपरकडे बघत राहायचे.

व्हाळाकाठी

चतुर्थी होऊन आठ दिवस झाले. सगळ्यांना हिशेब द्यायचा राहिला होता.

पाच आठवड्यांत व्हाळाकडे काही बांधले नाही. पाइप मोकळा केला, फुटलेल्या भरावातून व्हाळाला रुंद वाट करून दिली. त्यानंतर दोनदा मोठा पाऊस झाला, पाणी रस्त्याने आले आणि रस्त्याने गेले. मोडक्या जागी उभा राहून हे बघताना मला पहिल्यांदा कळले की आमची लाइन इतकी वर्षे त्याच्या वाटेत होती.

शेडपासून जुन्या फणसापर्यंत १८० मीटर रूळ शाबूत होता. तिथे दर मीटरला लेव्हल लावली. शाबूत म्हणत होतो त्यात चार ठिकाणी पीळ निघाला, सर्वांत वाईट ११ मिमी. तिथले किंदळीचे तीन स्लीपर हातोडी मारली की भद्द वाजत होते, ते बदलले. डब्यांच्या बेअरिंगांत पाणी गेले होते, ती धुऊन ग्रीस भरले. फणसाशी अटकाव घातला, लाल फळी लावली. गोण्या पंधरा-पंधरा टाकल्या. दहाव्या फेरीला एका सांध्याशी चिखल वर आला, काका, अगदी पिचकारीसारखा. तिथली खडी उपसून धुतली, मग गप्प बसला. विसाव्या फेरीनंतरच पोरांना बसवले.

गाडी फणसापर्यंत जायची आणि उलटी यायची. धाकट्या भाचीने विचारले, पूल कधी होणार. मी नोव्हेंबर म्हटले. ती डिसेंबरात नाताळच्या सुटीला येतेय.

वळण मात्र या आठवड्यात हातात घेतलेय. दोरा लावून पहिले आकडे: ८८, ९१, १०४, ७२, ५५, ६३. काका, ही १०४ आणि ७२ ची जागा म्हणजे तिथे रूळ वाकला असेल की नुसता सरकलाय?

जुनी_गँग

त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे सांधे सोडून रूळ मोकळा कर आणि पुन्हा दोरा लाव. मोकळा झाल्यावर आकडा उतरला तर नुसता सरकलाय, पहारीने ये-जा करून बसेल. आकडा तसाच राहिला तर वाकलाय. मग जिम क्रो, म्हणजे रूळ वाकवायचे आट्याचे हत्यार, लागेल. माझ्याकडे एक लहान आहे, तुझ्या रुळाला चालेल. वाकवताना एकदम पिळू नकोस. अर्धा आटा, मग सोडून मोजायचे, मग परत अर्धा आटा. रविवारी मडगावहून येतो, सकाळच्या बसने. दोरा आणि वही तयार ठेव.

फोंडेकरीण

काका येणारच आहेत तर मीही येते. पुलाच्या टेकूंसाठी कातळ कुठे लागतो ते दोन ठिकाणी पहार मारून बघू. दादा, व्हाळाच्या दोन्ही काठांवर पुराचे पाणी कुठवर चढले होते त्या खुणा झाडांवर अजून असतील. पावसाने धुऊन जाण्याआधी त्यांवर रंगाचा पट्टा मारून ठेवा. पुलाची उंची मी त्यावरून धरणार आहे.